पांढऱ्या पायाचा कोण?

सज्जनहो, कीर्तनकाराला लोक विचारतात ते प्रश्न ब्रह्म, माया, मोक्ष यांविषयी असतात असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तसे नाही. चाळीस वर्षे आम्ही गावोगाव हिंडतो आहोत. त्यांत ब्रह्माविषयी विचारणारे बोटांवर मोजावे इतकेच भेटले. बाकीचे सगळे प्रश्न घरातले, शेतातले, पोटापाण्याचे. आणि खरे सांगायचे तर ब्रह्माविषयीच्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे जाते. या दुसऱ्या प्रश्नांपुढे मात्र पाठशाळेत घोकलेले सारे पणाला लागते.

गेल्या माघात रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात हरिनाम सप्ताहासाठी आम्हांस बोलावणे आले होते. त्या बाजूला सप्ताह मोठ्या प्रेमाने होतो. बंदरात होड्या नांगरलेल्या, वाळूवर मंडप, आणि मृदंगाच्या थापेत मधूनच लाटेची थाप मिसळते. कीर्तन आटोपले, आरती झाली, लोक एकमेकांच्या पाया पडून घरोघर निघाले. मंडप रिकामा होत आला तेव्हा एक बाई पुढे आली. मागे वीस-बावीस वर्षांचा मुलगा, मान खाली घातलेला. बाई म्हणाली, "महाराज, माझ्या पोराचे पाय जरा बघा हो."

आम्हांस वाटले, काही लागले-खुपले असेल. आम्ही म्हटले, "बाई, आम्ही वैद्य नव्हे. तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा." त्यावर ती म्हणाली, "दुखत नाहीत महाराज. लोक म्हणतात पांढरे आहेत."

हकीगत अशी. हा मुलगा पहिल्यांदा एका नाखव्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, तेव्हा आठ दिवसांत भर समुद्रात इंजिन बंद पडले आणि दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढून आणले. दुसऱ्या बोटीवर गेला, तर जाळे खडकाला अडकून फाटले. तिसऱ्या बोटीवर त्याच्या शेजारी उभा असलेला खलाशी तोल जाऊन पाण्यात पडला. वाचला, पण बरगडी मोडली. बस्स. धक्क्यावर कोणी तरी म्हणाले, "पोरगं पांढऱ्या पायाचं आहे." म्हणणारा बहुधा थट्टेने म्हणाला असेल. परंतु थट्टा दुसऱ्या दिवशी बातमी झाली आणि आठवड्याभरात सिद्धांत झाला. आता त्याला कोणी बोटीवर घेत नव्हते. बर्फ फोडण्याच्या कामालाही नको म्हणत. तो सुकाणू धरणार नाही, जाळे ओढणार नाही, नुसता बर्फ फोडील. पण तो बर्फ बोटीत जाणार ना!

आम्ही त्या मुलाचे पाय पाहिले. खाऱ्या पाण्याने टाचा फुटलेल्या, अंगठ्याला दोराचा वळ, एका घोट्यावर शिंपल्याने कापल्याची जुनी खूण. कष्ट करणाऱ्या माणसाचे पाय जसे असतात तसे. त्या रात्री आम्ही त्या माउलीला काही तरी गोड बोलून घरी पाठविले. परंतु आम्हांला झोप आली नाही. झोप का आली नाही ते पुढे सांगतो. आधी प्रश्नाचा नीट विचार करू.

पहिली गोष्ट ही की, समुद्रावर जाणाऱ्या माणसांना हसण्याचा अधिकार जमिनीवर राहणाऱ्या आम्हांला नाही. शेतकऱ्याचे पीक बुडते, पण शेतकरी बुडत नाही. मच्छीमाराचे तसे नाही. म्हणून जगात जिथे जिथे मासेमारी आहे तिथे तिथे शकुन-अपशकुन आहेत. अमेरिकेत हौसेने मासे धरायला जाणारे लोक बोटीवर केळे येऊ देत नाहीत. केळे आले की मासा गळाला लागत नाही म्हणतात. आता पाहा, तेच केळे आपल्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादात असते! इंग्रज खलाशी जहाजावरचे मांजर भाग्याचे मानीत; आपल्याकडे ते आडवे गेले तर माणूस चार पावले मागे फिरतो. शीळ घातली की वारा चवताळतो, म्हणून कित्येक देशांच्या खलाशांत शीळ घालणे वर्ज्य. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कोळी बोटीवर असताना डुकराचे नावसुद्धा घेत नसत. कोणाच्या तोंडून गेलेच तर सगळे धावत जाऊन थंड लोखंडाला हात लावीत. आणि गंमत अशी, बरं का, की त्याच किनाऱ्यावर बोटीकडे जाताना धर्मोपदेशक समोर येणे हाही मोठा अपशकुन होता. म्हणजे आमच्यासारखा माणूस वाटेत भेटला तर ती मंडळी घरी परतायची. आम्ही तिकडे जन्मलो असतो, तर पांढऱ्या पायाचे आम्हीच ठरलो असतो!

त्या किनाऱ्यावर बाईने बोटीवर पाऊल ठेवणे वाईट समजले जाई. परंतु त्याच बायका भल्या पहाटे गळांना आमिष लावीत, थंडगार पाण्यातून नवऱ्याला पाठुंगळी घेऊन बोटीपर्यंत पोहोचवीत, म्हणजे त्याचे पाय कोरडे राहावे. आणि मग मासळीच्या टोपल्या पाठीवर घेऊन कोसच्या कोस विकीत हिंडत. जिच्या पाठीवर बसून नवरा बोटीत चढला तिचा पाय मात्र अशुभ! हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

मालिनोव्स्की नावाचे एक पोलिश विद्वान होऊन गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ च्या दरम्यान, ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. त्यांनी एक मोठी मार्मिक गोष्ट टिपून ठेवली. तेथील लोक बेटाच्या आतल्या शांत खाडीत मासे धरीत तेव्हा मंत्र-तंत्र काही करीत नसत; कारण तिथे धोका नाही आणि मासळी हमखास मिळते. तेच लोक उघड्या समुद्रात जाऊ लागले, जिथे जिवाचा भरवसा नाही आणि मासळीचाही नाही, की मंत्र, विधी, निषेध यांची रांग लागे. मूर्ख म्हणून ते मंत्र म्हणत नव्हते. हाताने जेवढे करता येते तेवढे करून झाल्यावर जी भीती उरते, तिला काही तरी द्यावे लागते. खाडीत तीच माणसे आणि समुद्रातही तीच. फरक फक्त भीतीचा.

हे समजून घेतले की राग निवतो. परंतु, सज्जनहो, भीती समजून घेणे निराळे आणि भीतीने दिलेला निवाडा मान्य करणे निराळे. रोग्याची कणव यावी. पण म्हणून रोगालाच वैद्य करू नये.

आता त्या निवाड्याची थोडी परीक्षा करू. पाठशाळेत आम्हांला तर्कसंग्रह शिकविला गेला. त्यात धूर आणि अग्नी यांचे उदाहरण आहे हे पुष्कळांना ठाऊक असेल. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसे सरोवर. पहिल्याला अन्वय म्हणतात, दुसऱ्याला व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे संबंध पक्का. एकच जुळून भागत नाही. मग या मुलाच्या पायाला हे लावून पाहा. तो ज्या बोटीवर नव्हता त्या बोटींची इंजिने बंद पडली नाहीत काय? जाळी फाटली नाहीत काय? आम्ही दुसऱ्या दिवशी धक्क्यावर बसून सहज चौकशी केली. त्या एका हंगामात त्याच बंदरातल्या किती तरी बोटींची जाळी फाटली होती. व्यतिरेक मोडला. तो बोटीवर असताना जे दिवस सुखरूप गेले त्यांचा हिशेब कोणी ठेवला होता काय? नाही. अन्वयही मोडला. उरले ते काकतालीय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली.

शास्त्रकार आणखी एक पाऊल पुढे जातात. ते म्हणतात, दोन गोष्टी बरोबर दिसल्या तरी मध्ये तिसरी लपलेली नाही ना, ते पाहा. तिला उपाधी म्हणतात. अग्नी असला म्हणजे धूर असतोच असे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. तसे इथे ओले लाकूड कोणते? आम्ही विचारले. ज्या बोटीचे इंजिन बंद पडले तिच्या इंजिनाची दुरुस्ती दोन हंगाम पुढे ढकलली होती. ज्या बोटीवरून खलाशी पडला तिचा कठडा एका बाजूने सैल होता आणि तरंगणारी जाकिटे केबिनमध्ये पोत्याखाली होती. जाळे फाटले ती खडकाची जागा तर म्हाताऱ्या तांडेलांना तोंडपाठ होती. नव्या तांडेलाने विचारले नव्हते. मुलाचा पाय तीनही बोटींवर होता हे खरे. पण ओले लाकूड निराळेच होते. आणि यातला खरा अनर्थ हा की, पायाला दोष दिल्याबरोबर कठडा तसाच राहिला. दोषी सापडला म्हणजे मग चौकशी कोण करतो?

कोणी म्हणेल, "महाराज, तुम्ही तर्काचे सांगता, आम्ही प्रारब्धाचे बोलतो. ज्याचे संचित खोटे, त्याच्या संगतीने इतरांचे नुकसान होते." हा आक्षेप आम्हांस पुष्कळदा ऐकावा लागतो आणि तो धर्माच्या नावाने येतो, म्हणून त्याला धर्मशास्त्रानेच उत्तर दिले पाहिजे. कर्मसिद्धांतात दोन दोष टाळण्याविषयी आपले पूर्वाचार्य फार दक्ष आहेत: कृतहान आणि अकृताभ्यागम. केलेल्याचे फळ नाहीसे होणे हा पहिला आणि न केलेल्याचे फळ वाट्याला येणे हा दुसरा. ज्या सिद्धांतात यांतला एकही दोष येतो तो सिद्धांत ते टाकून देतात. आता बोटीवर सातजण आहेत. सातव्याच्या कर्माने सहा बुडाले असे म्हटले तर त्या सहांना न केलेल्याचे फळ मिळाले. म्हणजे जो कर्मसिद्धांताचे नाव घेऊन पोराला खाली उतरवतो, तो कर्मसिद्धांतच बुडवतो. ज्याचे त्याचे कर्म ज्याचे त्याला, हा सिद्धांत कठोर असेल. पण तो कोणाचे खापर कोणाच्या डोक्यावर फोडू देत नाही.

यहुदी व ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात योना नावाच्या पुरुषाची कथा आहे. तो देवाची आज्ञा टाळून जहाजाने पळून चालला असता मोठे वादळ सुटले. खलाशांनी चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी योनाच्या नावाची निघाली, त्यानेही आपला दोष कबूल केला आणि म्हणाला, मला समुद्रात टाका. पुढे त्यांनी त्याला टाकले हे सर्वांच्या लक्षात राहिले. इतके की इंग्रज खलाशांत अपशकुनी माणसाला योना म्हणण्याचीच चाल पडली. परंतु मधली एक गोष्ट मात्र लोक विसरले. त्याने स्वतः टाका म्हटल्यावरही त्या खलाशांनी त्याला लगेच टाकले नाही. त्यांनी जिवाच्या आकांताने वल्ही मारली, जहाज किनाऱ्याला लागते का ते पाहिले. अपराध कबूल केलेल्या परक्या माणसासाठी त्यांनी वल्ही मारली! आणि आम्ही? ज्याने काही केलेले नाही, जो आपल्याच आळीतला आहे, त्याच्यासाठी वल्हे तर राहोच, तोंडसुद्धा उघडत नाही.

दक्षिणेकडे केरळच्या किनाऱ्यावर समुद्राला आई मानतात. तिथे अशी समजूत होती की, नवरा समुद्रावर गेला असता त्याचा जीव घरी राहिलेल्या बायकोच्या पावित्र्यावर अवलंबून असतो. ती चुकली तर समुद्रमाता त्याला परत देत नाही. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही कादंबरी १९५६ साली निघाली. ती याच समजुतीवर उभी आहे. ही समजूत नुसती ऐकताना उदात्त वाटते. पण विचार करा. वादळात ज्या बाईचा नवरा गेला, तिचे दुःख आधीच डोंगराएवढे. त्यावर गाव म्हणणार, तूच काही तरी केले असशील. समुद्राने एकदा मारले, गावाने दुसऱ्यांदा मारले. त्याच केरळात त्रिशूर जिल्ह्यातील चावक्काडच्या के. सी. रेखा नवऱ्याबरोबर समुद्रावर मासेमारीला जाऊ लागल्या आणि २०१७ साली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने खोल समुद्रात मासेमारीचा परवाना मिळविणारी देशातील पहिली स्त्री म्हणून त्यांचा गौरव केला. समुद्राने काही तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

आता त्या कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाचे म्हणणे सांगतो, कारण ते आम्हांला सहज उडवून लावता आले नाही. हा गृहस्थ साठीचा, माळकरी, वारी न चुकविणारा. आम्ही त्याच्यापाशी गोष्ट काढली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "महाराज, पोरात दोष नाही हे मलाही कळतं. पण बोटीवर मी एकटा नसतो. बाकीच्या सहांच्या मनात ते बसलंय. वारा सुटला की ते दोराकडे बघायचे सोडून त्याच्याकडे बघतील. हात चळला की संपलं. मग एका पोराला खाली ठेवून सहांचे हात स्थिर राहत असतील, तर त्यात वाईट काय?"

सज्जनहो, हा प्रश्न खोटा नाही. समजूत खोटी असली तरी समजुतीची भीती खरी असते आणि भीतीने हात खरोखर चळतो. आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. मग म्हटले, "तांडेल, हात स्थिर राहण्याची किंमत द्यायलाच हवी, कबूल. पण ती किंमत कोण देतो आहे? भीती सहांची आणि उपवास सातव्याला! आज हा मुलगा उतरला. उद्या पुन्हा जाळे फाटेल, कारण जाळी फाटतातच. मग त्या सहांतला कोणी तरी पांढऱ्या पायाचा ठरेल. तुमची बोट सुरक्षित झाली नाही. तिला रोज एक बळी लागतो एवढेच ठरले."

तांडेल काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग महाराज, नारळी पुनवेला आम्ही दर्याला नारळ देतो, तोही सोडायचा का?"

या प्रश्नाने आमचेच डोळे उघडले असे म्हटले पाहिजे. कारण पुष्कळ सुधारक इथेच घसरतात. ते नारळ आणि पांढरा पाय एकाच टोपलीत टाकतात. आम्हांस तसे वाटत नाही. नारळाला कोळी स्वतःच्या पदरचे देतो, हात जोडतो, आपण लहान आणि समुद्र मोठा हे कबूल करतो. शिवाय त्या पौर्णिमेच्या मागे शहाणपण आहे. आषाढ-श्रावणाचा खवळलेला समुद्र निवल्याखेरीज होडी लोटायची नाही, ही मर्यादा वाडवडिलांनी नारळाच्या रूपाने बांधून दिली. मासळीची वीण होते त्या दिवसांत तिलाही विसावा मिळाला. आज सरकारही पावसाळ्यात मासेमारीला बंदी घालते. नारळ कोणाची भाकरी हिरावून घेत नाही. म्हणून आम्ही तांडेलास दोन कसोट्या सांगितल्या, त्या वाचकांपुढेही ठेवतो. पहिली: या चालीची किंमत मी देतो की दुसऱ्याकडून वसूल करतो? दुसरी: ही चाल माझे डोळे उघडे ठेवते की मिटवते? पहिल्या कसोटीत नारळ उतरतो, पांढरा पाय उतरत नाही.

परंतु दुसऱ्या कसोटीत नारळसुद्धा केव्हा केव्हा नापास होतो, हे विसरू नये. स्कॉटलंडच्या ज्या किनाऱ्याचे वर सांगितले, तिथे आयमथ म्हणून कोळ्यांचे गाव आहे. १४ ऑक्टोबर १८८१, शुक्रवारचा दिवस. आधी कित्येक दिवस हवा खराब असल्यामुळे बोटी अडकून पडलेल्या, घरात पैसा नाही. त्या सकाळी समुद्र शांत, ऊन पडलेले. बंदरावर वायुभारमापक लावलेला होता आणि त्याचा पारा कधी नव्हे इतका खाली उतरला होता. पारा सांगत होता, जाऊ नका. आभाळ सांगत होते, जा. आणि पोट सांगत होते, आत्ताच्या आत्ता जा. मंडळी गेली. दुपारी तुफान आले. त्या किनाऱ्यावरचे एकंदर १८९ कोळी बुडाले. त्यांतले १२९ एकट्या आयमथचे. काही बोटी तर बंदराच्या तोंडाशी, घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. डुकराचे नाव घेतले की थंड लोखंडाला हात लावणारा तो किनारा, पण पाऱ्याकडे पाहून मागे फिरण्याइतकी भीती कोणाला वाटली नाही. आम्ही त्यांना दोष देत नाही. भुकेने माणूस कोणतेही चिन्ह आपल्याला हवे तसे वाचतो. एवढेच म्हणतो की, भीती हे देवाने दिलेले धन आहे. ते डुकराच्या नावावर उधळले तर खऱ्या संकटाच्या वेळी गाठीला राहत नाही.

आपल्या देशात १८६५ साली कलकत्ता बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची सोय झाली आणि १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. बंदरावर चढणारा धोक्याचा बावटा कोकणात लहान मुलालाही कळतो. आज हैदराबादची सागरी माहिती सेवा लाटांचा अंदाज मोबाईलवर पाठविते. त्या तांडेलाने दुसऱ्या दिवशी आमच्याकडून प्रसादाचा नारळ मागितला, बोटीवर ठेवायला. आम्ही दिला, पण एका अटीवर. "बावटा लागलेला असताना 'महाराजांचा नारळ आहे, काही होत नाही' असे कोणी म्हणाले, तर तो नारळ त्याच क्षणी फोडून खाऊन टाका. तो प्रसाद आहे, परवाना नव्हे." देवावरचा भरवसा आणि देवाची परीक्षा पाहणे यांत फार अंतर आहे. कोळी आधी गाठ घट्ट मारतो आणि मग हात जोडतो. गाठ मारण्याऐवजी हात जोडले तर ती भक्ती नव्हे, तो आळस.

आता ती झोप का आली नाही ते सांगतो. हे सांगणे सुखाचे नाही.

आम्ही ऐन तिशीत होतो. नुकतीच कीर्तनाला सुरुवात केली होती. लोक नाव घेऊ लागले होते. आषाढी वारीसाठी गावातून दिंडी निघाली. वेशीपाशी आलो तोच समोरून आमच्या आळीतली एक विधवा बाई आली. दिंडीतले एक वडीलधारे गृहस्थ थांबले, पुटपुटले, "निघतानाच हे तोंड दिसायचं होतं!" मंडळी मागे फिरून मंदिरात गेली, घोट घोट पाणी प्याली आणि नव्याने निघाली. आम्हीही गेलो, आम्हीही पाणी प्यालो. जाताना आम्ही वळून पाहिले. त्या बाईच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. पहाटे उठून तिने दिंडीसाठी भाजल्या होत्या. ती फडके घेऊन तशीच घरी परतली. पुढे वीस दिवस आम्ही टाळ वाजवीत चाललो, रोज संध्याकाळी समतेवर निरूपण केले, आणि त्या भाकरीविषयी एक अक्षर काढले नाही. शास्त्र आम्हांला तेव्हाही येत होते. अन्वय-व्यतिरेक येत होते, अकृताभ्यागम येत होता. नव्हते ते एवढेच, की वडीलधाऱ्या माणसाला चार लोकांत "हे बरे नव्हे" म्हणण्याचे धैर्य. ती बाई आता नाही. तिची क्षमा मागण्याची वेळ आम्ही दवडली.

म्हणून त्या कोळीवाड्यात जेव्हा दुसरी माउली आपल्या पोराचे पाय घेऊन आली, तेव्हा आम्हांला त्या पायांच्या ठिकाणी फडक्यातल्या भाकऱ्या दिसल्या. वारकऱ्याची रीत काय? भेटला की पाया पडणे. लहान-थोर, जात-पात, श्रीमंत-गरीब न पाहता समोरच्याचे पाय शिवायचे. लाखो पायांना आपण हात लावतो. त्यांत पांढरा कोणता, काळा कोणता, असे कधी कोणी विचारले आहे काय? मग वारीत जे पाय वंदनीय, ते बोटीवर चढताना अशुभ कसे होतात? पंढरीची धूळ बंदरापर्यंत येईस्तोवर झडून जाते काय?

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस दक्षिणेकडे ओखी नावाचे चक्रीवादळ झाले. कित्येक नौका आधीच दूर समुद्रात गेलेल्या होत्या; पुष्कळ घरांची माणसे परत आली नाहीत. त्या वादळात भरकटलेल्या केरळ-तामिळनाडूच्या साठांहून अधिक नौका आपल्या देवगड बंदरात आश्रयाला आल्या. त्यांवर नऊशेंच्या वर माणसे होती. त्यांची भाषा निराळी, धर्म पुष्कळांचा निराळा. त्यांना इथे आसरा मिळाला. यांच्यातल्या कोणाच्या पायाने वादळ आले, हे किनाऱ्यावर कोणी विचारत बसल्याचे आम्ही तरी ऐकले नाही. म्हणजे वेळ पडली की हे ज्ञान आपल्यापाशी असतेच. परक्यासाठी जे सुचते ते शेजाऱ्यासाठी सुचावे, एवढीच मागणी आहे.

सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी आम्ही कीर्तनात हा विषय काढला. कोणाचे नाव घेतले नाही. भाकऱ्यांची गोष्ट मात्र, जी आजवर कोठे बोललो नव्हतो, ती सांगितली. कीर्तन संपल्यावर तांडेल आला, पाया पडला, होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. नुसते म्हणाला, "कठडा बसवायला सांगितलाय."

फाल्गुनात त्या माउलीचा फोन आला. मुलगा तांडेलाच्या बोटीवर जाऊ लागला होता. आधी दोन दिवस नुसता जाळी विणायला बसविला. मग एके पहाटे तांडेलच म्हणाला, चल. ती बाई आनंदाने सांगू लागली, "महाराज, पहिल्याच दिवशी..." आम्ही तिला तिथेच थांबविले. म्हटले, "माउली, जाळ्यात काय आले ते सांगू नका. थोडे आले असेल तर तुमचे मन खट्टू होईल. आणि भरपूर आले असेल तर उद्यापासून लोक त्याला शुभ पायाचा म्हणतील. तीही तीच चूक, फक्त गोड. ते पाय शुभही नाहीत आणि अशुभही नाहीत. ते कष्टाचे आहेत. संध्याकाळी तो घरी आला ना? मग झाले तर."

ती म्हणाली, "आला महाराज. जेवून झोपलाय."